काढा प्या पण गोळ्या सोडू नका
शुगर आणि किडनीवरच्या एका लेखात हळदीतलं कर्क्युमिन, कांद्यातलं क्वेरसेटिन ही द्रव्यं शुगरपासून (मधुमेहापासून) किडनी वाचवू शकतात असं दिलंय, पण यातले बरेचसे प्रयोग उंदरांवरचे आहेत आणि डोस आपल्या ताटातल्यापेक्षा कितीतरी जास्त, हळदीत कर्क्युमिन जेमतेम ३ टक्के आणि रक्तात त्यातलंही फार थोडं उतरतं. सोलापुरात कांद्याला काय तोटा, खा की बिनधास्त, फक्त त्यापायी शुगरच्या गोळ्या बंद करू नका हो! आमच्या गल्लीतले एक काका नुसत्या काढ्यावर राहिले, आता डायलिसिसला जातात, बघवत नाही. शुगर असेल तर वर्षातून एकदा रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी बाहेर टाकते तो कचरा) आणि लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) तपासाच, किडनी बिघडताना सुरुवातीला काहीच दुखत नाही म्हणून कळतच नाही. बीपी असेल तर शेंगा चटणीत मीठ पण बेतानं घाला.