ताई, पट्टी?

पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. एका संगीत नाटकासाठी गाणाऱ्या मुली हव्या होत्या, म्हणून मी गेले होते. पाच वर्षं खासगी शिकवणीला जात होते, त्यामुळे तोरा भरपूर. पेटीवर बसलेल्या काकांनी भाता उघडला आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "ताई, पट्टी?" म्हणजे माझा सा पेटीच्या कुठल्या सुरावर धरायचा.

मी म्हटलं, "नेहमीची."

काकांनी मान वर केली. हसले नाहीत, एवढे त्यांचे उपकार. "बरं, गा तुम्ही. मी शोधतो," म्हणाले. मी घाबरून जो सुचला तो सा धरला, तो नेमका उंच निघाला. मुखडा कसाबसा निभावला आणि अंतऱ्याला आवाज फाटला. समोर बसलेल्यांनी "छान, कळवतो" म्हटलं. कळवलं नाही, हे सांगायला नकोच.

तेव्हा मला वाटलं होतं की रियाज कमी पडला. खरं तर रियाज भरपूर होता. मला माझी पट्टी माहीत नव्हती. पाच वर्षांत ती कुणी सांगितली नव्हती आणि मीही विचारली नव्हती. आमचे सर काळी एकमध्ये, म्हणजे पेटीवरच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या सुराला सा मानून, गायचे. पुरुषांची अगदी सर्रास पट्टी. ते वाजवतील त्या सुरात, त्यांच्या वरच्या सप्तकात, आम्ही मुली गायचो. पुढे कळलं की माझा आवाज काळी चारमध्ये आरामात बसतो. म्हणजे पाच वर्षं मी माझ्या पट्टीच्या पाच अर्धस्वर (पेटीवरच्या लागोपाठच्या दोन सुरांतलं अंतर म्हणजे एक अर्धस्वर) वर गात होते. हे कागदावर मांडलं की किती भयंकर दिसतं बघा. काळी एकमध्ये तार गंधार, म्हणजे वरच्या सप्तकातला ग, लावताना माझे स्वरतंतू सेकंदाला जवळजवळ ७०० वेळा उघडझाप करत होते. तोच तार गंधार काळी चारमध्ये ५२३ वर येतो. मी त्या गंधारावर ओरडायचे आणि सर म्हणायचे, "दमसास वाढवा." मी दमसास वाढवत बसले. शेवटी घसा इतका बसला की चार महिने गाणं बंद. सर वाईट नव्हते. स्वतः सुरेख गायचे. पण स्वतःच्या गळ्यापलीकडचा गळा त्यांना ऐकूच येत नसे.

आता गेली काही वर्षं मी स्वतः एकेकट्याला शिकवते. नाटकातलं गाणं, त्यासाठी लागणारा आवाज आणि जमेल तेवढं शास्त्र. आणि माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय की खासगी शिकवणीत आपण गाणी शिकतो, गाणं शिकत नाही. रागावू नका, आधी एक करून बघा. तुमचा पुढचा तास फोनवर रेकॉर्ड करा आणि घरी येऊन घड्याळ लावून मोजा, त्यात शिकणारा एकटा, कुणाच्याही आवाजाच्या आधाराशिवाय, किती मिनिटं गायला.

मी माझाच एक तास मोजला. साठ मिनिटांत विद्यार्थिनी एकटी गायली ती अकरा मिनिटं. बाकीचा वेळ मी गात होते, मी बोलत होते, किंवा आम्ही दोघी मिळून गात होतो. त्या मिळून गाण्यात तर मोठीच फसगत असते. गुरूचा आवाज पुढे असला की शिष्याला वाटतं आपणही सुरात आहोत. सायकलला मागून कुणीतरी धरलेलं असतं आणि आपल्याला वाटतं आपण चालवतोय, तसं. त्या रात्री मला झोप लागली नाही. तासाचे पैसे मी घेत होते आणि रियाजही माझाच होत होता.

आता शास्त्राबद्दल. आपल्याकडे शास्त्र म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करायची गोष्ट. थाट किती? दहा. वादी म्हणजे काय, संवादी म्हणजे काय, षड्ज-पंचम भाव स्पष्ट करा. मुलं स्पष्ट करतात, गुण मिळवतात आणि दुसऱ्या दिवशी ते वहीतच राहतं. आपल्या संगीताचं शास्त्र मांडणारे भातखंडे पेशाने वकील. ठिकठिकाणच्या उस्तादांकडून बंदिशी गोळा करून त्यांनी त्या स्वरलिपीत उतरवल्या, क्रमिक पुस्तकांचे सहा भाग काढले. एवढा खटाटोप कशासाठी? गुरू समोर नसतानाही चीज हाताशी असावी, कागदावरून उचलता यावी, म्हणूनच ना? आणि आपण काय केलं, तर त्याच्या व्याख्या बनवल्या.

एक प्रसंग सांगते. माझ्याकडे एक मुलगी येते, नोकरी करते, आवाज गोड. तिला एका पदात, म्हणजे नाटकातल्या गाण्यात, मध्यमावरून थेट तार षड्जावर, म्हणजे म वरून वरच्या सा वर, उडी मारायची होती. दर वेळी ती केसभर खाली पडायची. बेसूर नाही, कणसूर. आणि कणसूर जास्त छळतो, कारण चूक हाताला लागत नाही. मी नेहमीसारखं "अजून वर, अजून थोडं वर" करत राहिले. ती मान वर करायची, भुवया वर करायची, सूर तिथेच. शेवटी मी पेटी बंद केली आणि म्हटलं, "सा-प म्हण." तिने म्हटलं. अर्थातच अचूक, सा-प तर झोपेतही येतं. मग म्हटलं, "आता मध्यमालाच सा समज आणि तिथून प म्हण." तिने म्हटलं, आणि ती तार षड्जावर उभी होती. अगदी मधोमध.

ती माझ्याकडे बघत राहिली. सा ते प सात अर्धस्वर, म ते तार सा सात अर्धस्वर, अंतर तेच. "म्हणजे हाच तो षड्ज-पंचम भाव?" तिने विचारलं. परीक्षेत तिने यावर अर्धं पान लिहिलं होतं.

शास्त्र असं हवं, अडलेल्या जागी. त्याचा वेगळा तास ठेवला की ते मरतं. उडी पडली नाही तेव्हा अंतर शिकवायचं. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, चुकली तेव्हा मात्रा मोजायला लावायच्या. पट्टी बदलायची वेळ आली की मग पांढऱ्या-काळ्यांचा हिशोब. विलायती पद्धतीने शिकणाऱ्यांचंही तेच. तिथेही पाच रेषांवरची टिंबं वाचायला वर्षभर वेगळं शिकवतात आणि गाणं तिकडे दुसऱ्याच खोलीत चालू असतं. खरं तर तिथली जुनी युक्ती गाण्यातूनच आलेली आहे. अकराव्या शतकात इटलीत ग्विदो नावाच्या एका भिक्षूने एक स्तोत्र वापरलं. त्याची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक सूर वरून सुरू व्हायची. त्या ओळींची पहिली अक्षरं त्याने सुरांना नावं म्हणून लावली आणि त्यातून त्यांचं डो-रे-मी आलं. पोरांना गाणं आधीच पाठ, सुरांची नावं मागाहून. आम्हीही सारेगम तसंच शिकवायला हवं. आम्ही वर्षभर पलटे, म्हणजे नुसते सुरांचे सराव, घोटतो आणि मग गाण्याला हात लावतो.

नाटकातल्या गाण्यात आणखी एक भानगड आहे. तिथे गाणारा गायक नसतो, कुणीतरी पात्र असतं. आपल्या रंगभूमीवर १८८० पासून, म्हणजे किर्लोस्करांच्या शाकुंतलापासून, पद आणि संवाद शेजारी शेजारी नांदतायत. पुढे भास्करबुवा बखल्यांसारखे ख्यालगायक चाली द्यायला आले आणि पदं श्रीमंत झाली, मैफलीत जाऊन बसली. ते वैभव मला नाकारायचं नाही, मी त्यावरच वाढले. पण शिकवणीत त्याचा परिणाम असा झाला की आपण पदातल्या हरकती, म्हणजे सुरांची नक्षी, शिकवतो, ते पद कोण कुणाला म्हणतंय हे शिकवत नाही. वन्स मोअर मिळाला की पात्र विंगेत जातं आणि गायक पुढे येतो, असं माझे एक जुने सहकलाकार म्हणायचे. थोडं कडू आहे, पण खोटं नाही.

म्हणून मी हल्ली नवं पद घेतलं की पहिल्या दिवशी त्याला सूर लावूच देत नाही. ओळ नुसती बोलायची. समजा ओळ आहे, "उगाच वाट पाहिली मी, दार उघडेच होते." गाताना दहापैकी आठ जण "वाट" नंतर श्वास घेतात. का? तर चालीत तिथे जरा मोकळी जागा असते. पण बोलताना तिथे कुणी थांबेल का? "उगाच वाट..." म्हणून थांबलं की ऐकणाऱ्याला वाटतं ही वाट लागली म्हणतेय की काय. बोलून बघितलं की कळतं, श्वास "मी" नंतर. आणि जोर "उगाच"वर दिला तर बाई चिडलीय, "मी"वर दिला तर स्वतःवर हसतेय, "उघडेच" वर दिला तर तिला आत्ताच, या क्षणी, कळलंय. तीन बायका झाल्या. कुठली तुला गायचीय ते ठरव, मग पेटी काढू.

बहुतेकांना हे आवडत नाही. "ताई, गाणं कधी?" असं तिसऱ्या तासाला विचारतातच.

आवाजाच्या बाबतीत मी फार बोलणार नाही, कारण त्या प्रांतात भोंदूगिरी फार आहे. "पोटातून गा" हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय. पोटात सूर नसतो हो. श्वासावर ताबा ठेवायला पोटाचे, बरगड्यांचे स्नायू लागतात, एवढाच त्याचा अर्थ. सूर नरड्यातच तयार होतो. जिवंत माणसाचे स्वरतंतू हलताना पहिल्यांदा नीट पाहिले आणि जगापुढे मांडले तेही एका गायनशिक्षकाने. १८५४ साली मान्युएल गार्सिया नावाच्या स्पॅनिश माणसाने दंतवैद्याचा छोटा आरसा स्वतःच्या घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचाच गळा बघितला. एका गाण्याच्या मास्तराला एवढं कुतूहल होतं! आम्हाला विद्यार्थ्याचा घसा दोन महिने बसलाय हेही लक्षात येत नाही. आवाज दोन-तीन आठवड्यांत सुधारला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवा, काढे देत बसू नका. आणि रियाजाआधी स्ट्रॉमधून, म्हणजे सरबत प्यायच्या साध्या नळीतून, पाच मिनिटं सूर सोडा. नळीमुळे तोंडात मागे दाब तयार होतो आणि तंतू एकमेकांवर आपटत नाहीत, हलके टेकतात. फुकटचा उपाय आहे, म्हणून कुणी करत नाही.

ऑनलाइन तासांना मी आधी नाकं मुरडायचे. आवाज उशिरा पोहोचतो, दोघांनी मिळून गाणं अशक्य, पेटीची साथ अशक्य. शिवाय लांब लावलेला सूर म्हणजे पंख्याचा आवाज असावा अशा समजुतीने व्हिडिओ कॉलचं ॲप तो कापूनच टाकतं (सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करता येतं, करा). पण एक गंमत झाली. मिळून गाता येत नाही म्हटल्यावर समोरच्याला एकट्यानेच गावं लागलं. मी तोच घड्याळाचा प्रयोग पुन्हा केला. अकराची सव्वीस मिनिटं झाली होती. तंत्राच्या अडचणीने मला गप्प बसायला शिकवलं, जे माझ्या नवऱ्याला जमलं नव्हतं.

शिकवणी निवडताना लोक मला विचारतात की गुरू कसा ओळखायचा. मी म्हणते, पहिल्या तासाला तो तुमची पट्टी शोधतो का बघा. खाली कुठवर जाता, वर कुठवर आरामात जाता, हे पेटीवर एकेक सूर चढत तपासायला दहा मिनिटं पुरतात. आणि ती पट्टी तुम्हाला वहीत लिहून देतो का बघा. मूळ नटाच्या पट्टीतच पद गायला पाहिजे असं म्हणणारे भेटतील. ती पट्टी त्या नटाच्या गळ्याची होती, पदाची नव्हे. आणि हो, शिकवणारा स्वतः किती छान गातो यावर तर मुळीच जाऊ नका. माझे सर फार छान गायचे.

आता एवढं सगळं ज्ञान पाजळल्यावर खरं सांगायलाच हवं.

दोन महिन्यांपूर्वी एक आई मुलीला घेऊन आली. मुलगी बारा वर्षांची, तीन आठवड्यांनी कार्यक्रम, एकच पद बसवून द्या. मी म्हटलं, असं होत नाही. आई म्हणाली, "ताई, तिचं मन मोडेल." मुलगी खाली बघून ओढणीचं टोक पिळत होती. मी हो म्हटलं. ओळ मी गायची, ओळ तिने गायची, नऊ तास. श्वास कुठे घ्यायचा तेही मीच बोटाने दाखवलं. कोण कुणाला म्हणतंय, कशासाठी म्हणतंय, काही विचारलं नाही, वेळच नव्हता.

पद उत्तम झालं. टाळ्या पडल्या, व्हिडिओ सगळीकडे फिरला, खाली लोकांनी माझं नाव लिहिलं आणि तेव्हापासून चार नव्या चौकशा आल्यात. परवा ती मुलगी दुसरं पद बसवायला आली. मी पेटी उघडली आणि सहज विचारलं, "बाळा, पट्टी?"

"मागचीच," म्हणाली.