कुत्रा मात्र परत देणार नाही

काल रात्री जेवणं आटोपल्यावर मोबाइलवर रिचर्ड निक्सनचं १९५२ सालचं भाषण बघत बसलो होतो. पायाशी आमचा खंड्या घोरत होता.

निक्सन तेव्हा अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाचा उमेदवार. समर्थकांनी त्याच्यासाठी जमवलेल्या १८ हजार डॉलरच्या फंडावरून बोंबाबोंब झालेली, तिकीट जातंय की राहतंय अशी वेळ. गडी टीव्हीवर आला आणि घरचा सगळा जमाखर्च वाचायला लागला. घरावरचं कर्ज, आईवडिलांकडून घेतलेले पैसे, बायकोकडे मिंकचा फरकोट नाही, साधा कापडी कोट आहे, वगैरे वगैरे. आणि मग म्हणाला, हो, एक भेट घेतली बुवा. टेक्सासच्या कुणीतरी पोरींसाठी कुत्र्याचं पिल्लू धाडलं, बाल्टिमोर स्टेशनवर पेटीतून आलं. काळं-पांढरं. सहा वर्षांच्या ट्रिशियानं त्याचं नाव चेकर्स ठेवलं. कोण काय म्हणायचं ते म्हणो, ते आम्ही ठेवणार!

संपला विषय. पाठिंब्याच्या तारांचा पाऊस पडला, तिकीट वाचलं. फंडाचा हिशोब किती जणांना आठवत असेल? पिल्लू सगळ्यांना आठवतं. बरं, हे चेकर्स व्हाइट हाउसमध्ये एक दिवसही राहिलं नाही. ते १९६४ मध्येच गेलं आणि निक्सन अध्यक्ष झाला १९६९ मध्ये.

भाषणाची तारीख होती २३ सप्टेंबर. बरोबर आठ वर्षं आधी, २३ सप्टेंबर १९४४ ला, हाच डाव तेव्हाचा अध्यक्ष रूझवेल्टनं टाकला होता. त्याचा स्कॉटिश टेरियर फाला अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांवर चुकून राहिला आणि त्याला आणायला म्हणे युद्धनौका पाठवली, जनतेचे लाखो डॉलर उडवले, अशी आवई विरोधकांनी उठवली होती. रूझवेल्ट चिडला नाही. माझ्यावर, बायकोवर, मुलांवर टीका करून यांचं भागलं नाही, आता माझ्या छोट्या कुत्र्यावर घसरले, असं म्हणाला. आम्हाला सवय आहे हो, पण फाला स्कॉटिश पडला, त्याला पैशाच्या उधळपट्टीचा भयंकर राग येतो! सभा हसून लोळली. नोव्हेंबरात तो चौथ्यांदा निवडून आला.

म्हणून माझं मत असं की व्हाइट हाउसमधला कुत्रा हा बिनपगारी प्रवक्ता असतो. या एका बाबतीत (फक्त या एका!) मला ट्रम्प पटतो. हिरवळीवर कुत्रा फिरवत हिंडणं आपल्याला खोटं वाटेल, असं तो २०१९ मध्ये टेक्सासच्या सभेत सरळ बोलून गेला. आणि बायडनचा कुत्रा कमांडर! सुरक्षारक्षकांना चावत सुटला, शेवटी २०२३ मध्ये त्याला तिथून हलवावं लागलं. प्रवक्तेपदाचा राजीनामा याहून स्पष्ट कसा देणार?

जाता जाता आपल्याकडचा किस्सा. धाकट्या बुशच्या काळ्या मांजरीचं नाव होतं ‘इंडिया’. देशाचा अपमान झाला म्हणून केरळात निदर्शनंही झाली. वास्तविक ते नाव ‘एल इंडिओ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका बेसबॉलपटूवरून ठेवलेलं. मांजरीला यातलं काही कळलं असण्याची शक्यता शून्य.

फालाचं मात्र पुढचं वाचलं आणि मी मोबाइल ठेवून दिला. रूझवेल्ट १९४५ च्या एप्रिलमध्ये गेला. नंतर एकदा त्याच्या समाधीवर पुष्पचक्र वाहायला जनरल आयझेनहॉवर हाइड पार्कला, म्हणजे रूझवेल्टच्या घरी आला. फाटक उघडलं, ताफ्याचे भोंगे वाजले. रूझवेल्टच्या बायकोनं, एलिनॉरनं लिहून ठेवलंय, तो आवाज ऐकताच फालाचे पाय ताठ झाले, कान टवकारले, आणि मालक आला म्हणून तो रस्त्याकडे बघत राहिला.