उंदीर गिळला म्हणजे बोआ ठणठणीत? – एका प्रतिक्रियेला उत्तर

मंदारराव, प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, आभार. तुमचं म्हणणं असं, की मी लोकांना उगाच घाबरवतो, नव्या बोआला (विळखा घालून भक्ष्य मारणारा बिनविषारी पाळीव साप) तीन महिने वेगळं ठेवणं म्हणजे अतिरेक आणि यात फक्त डॉक्टरांचं भलं होतं. तुमच्या नव्या बोआने आल्या आठवड्यातच उंदीर गिळला, म्हणून तुम्ही त्याला जुन्याच्या शेजारी ठेवलंत.

नेमकं इथेच आपलं पटत नाही. इन्क्लूजन बॉडी डिसीज, म्हणजे आयबीडी, हा सापांचा आजार रेप्टारेनाव्हायरस नावाच्या विषाणूमुळे होतो. पायथनला (अजगराला) हा विषाणू लवकर लोळवतो. बोआ मात्र तो अंगात घेऊन महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं खातपीत, कात टाकत राहतो. मादीकडून पिल्लांतही जातो. औषध नाही. त्यामुळे आयबीडीपुरतं बोलायचं तर तीन महिनेही कमीच. तिथे रक्त तपासूनच घ्यावं लागतं. तीन महिने सांगितले ते मुख्यतः माइट्ससाठी (सापाचं रक्त पिणारे बारीक परजीवी) आणि छातीच्या संसर्गासाठी.

माइट्स बघायच्या तर साप पांढऱ्या टिश्यूवरून हलकेच सरकू द्या. मोहरीहून बारीक काळे ठिपके दिसले आणि ते चालू लागले, तर झालंच. डोळ्यांच्या कडा आणि हनुवटीखालचे खवले ही त्यांची लाडकी जागा. साप सारखा पाण्याच्या भांड्यात बसत असेल तरी शंका घ्या. आयबीडी पसरण्यात याच माइट्सचा हात असावा असा संशय आहे.

छातीच्या संसर्गात तोंडात येणाऱ्या बुडबुड्यांवर तुम्ही सुचवलेला वाफारा कृपा करून नको. सापाला माणसासारखं खोकता येत नाही, कफ आतच साचतो. आधी पिंजऱ्याचं तापमान बघा: ऊबदार बाजू ३१-३२ अंश सेल्सिअस, थंड बाजू २५-२७. तरीही तोंड उघडून श्वास घेत असेल तर डॉक्टरच. (थर्मोस्टॅट डॉक्टरांच्या बिलापेक्षा स्वस्त पडतो, हे तुमच्या बाजूने सांगतो.)

आता खरी काळजीची गोष्ट. 'मान मागे टाकून छताकडे बघत बसतो, मजेशीर सवय आहे' असं तुम्ही सहज लिहून गेलात. मला ती सवय वाटत नाही; आयबीडी मेंदूपर्यंत पोचला की साप असाच बसतो. त्याला अलगद उताणा करा; धडधाकट साप लगेच पालथा होतो. चाचपडला तर याच आठवड्यात सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या डॉक्टरांना दाखवा.

तोवर नव्याला दुसऱ्या खोलीत हलवा, चिमटा आणि भांडी वेगळी करा, आणि रोज जुन्याचं आवरून मगच नव्याकडे जा. रिपोर्ट आला की इथेच कळवा.