निकोडेमसची जमिनीतली घरे: एका आक्षेपाला उत्तर

महोदय,

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील निकोडेमस या वसाहतीच्या रोजच्या जगण्याविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण कडक प्रतिक्रिया दिली आहे. तिथल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना बिळात राहणारे दाखवून मी त्यांच्या दैन्याचे प्रदर्शन मांडले, अमेरिकेत लाकडाला तोटा नसताना त्यांनी ओंडक्यांची घरे का बांधली नाहीत हा साधा प्रश्नही मला पडला नाही, आणि रेल्वे न आल्याने फसलेल्या गावाचे एवढे कौतुक कशाला, असे आपले म्हणणे आहे.

लाकडाचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचे बरेचसे त्यातच आहे. 1877 मध्ये जी कुटुंबे केंटकीहून तिथे आली, त्यांच्या मूळ प्रदेशात झाडे भरपूर होती. निकोडेमसजवळच्या सॉलोमन नदीच्या काठी मात्र कॉटनवुडची थोडी झाडे सोडली, तर नजर पोहोचेल तिथपर्यंत गवतच होते. चिरलेले लाकूड आणायचे तर एलिसचे रेल्वे स्थानक सुमारे 55 किलोमीटर दूर, गाड्या-जनावरे बोटांवर मोजण्याइतकी, आणि जवळचा पैसा प्रवासात व वसाहतीच्या शुल्कात संपलेला. म्हणून त्यांनी उतारात खोली खणली, वर फांद्या, गवत आणि माती घातली, आणि चुलीत सूर्यफुलाची वाळकी ताटे व रानात वेचलेले वाळके शेण जाळले. (गोवऱ्यांवर स्वयंपाक म्हणजे दैन्य, असे निदान आपल्याकडच्या वाचकाने म्हणू नये.) शिवाय कॅन्सस आणि नेब्रास्कातले असंख्य गोरे शेतकरीही आरंभी अशाच घरांत राहत होते, कारण 160 एकरांचा सरकारी तुकडा पक्का करून घ्यायचा, तर त्यावर पाच वर्षे राहून तो कसणे बंधनकारक होते, आणि छप्पर कशाचे असावे हे ती माळजमीनच ठरवत होती.

जमिनीतल्या घरांतून वर येणाऱ्या धुराचे लेखातले वर्णनही माझ्या कल्पनेतले नाही. 1878 च्या वसंतात पती डॅनियल यांच्यासोबत आलेल्या विलियाना हिकमन यांनीच आपल्या आठवणींत ते सांगितले आहे. गाव कुठे आहे असे त्या विचारतात, लोक धुराकडे बोट दाखवतात, आणि त्यांना रडू कोसळते. ते रडू मी गाळले असते, तर आपल्याला लेख अधिक सन्मानाचा वाटला असता कदाचित. पण हे कुटुंब त्यानंतर अनेक वर्षे त्या भागातच राहिले आणि डॅनियल यांनी तिथे धर्मोपदेशकाचे काम केले, हेही त्याच परिच्छेदात होते. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळ अमेरिकन जमातीच्या लोकांनी या वसाहतीला अन्न दिले, असे तिथले लोक सांगत आले आहेत. त्या ओसेजांनाच काही वर्षांपूर्वी कॅन्ससमधून हलवण्यात आले होते.

आता 'फसलेल्या' गावाविषयी. दहा वर्षांच्या आत तिथे दुकाने, हॉटेल, शाळा, चर्च आणि दोन वृत्तपत्रे झाली. तिथे स्थायिक झालेले एडवर्ड मकेब 1882 मध्ये कॅन्सस राज्याचे लेखापरीक्षक म्हणून निवडून आले. रेल्वेसाठी गावकऱ्यांनी 16,000 डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले, तरीही 1888 मध्ये युनियन पॅसिफिक या रेल्वे कंपनीचा मार्ग नदीपलीकडून गेला. दुकानदार त्या मार्गावरच्या नव्या बोग गावाकडे निघाले, काहींनी तर आपल्या इमारतीही सोबत हलवल्या.

परंतु दुकान हलते, शेत हलत नाही. गहू पिकवणारी कुटुंबे राहिली आणि माल बोगला नेऊ लागली. त्यांचे वंशज आजही जुलैच्या अखेरीस तिथे मेळाव्याला जमतात, आणि 1996 पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. आपण व्यापाराच्या हिशेबाने 'फसलेले' म्हणत असाल, तर माझी हरकत नाही. माझा लेख मात्र शेतकऱ्यांविषयी होता, आणि त्यांच्यापैकी अनेकजण तर गुलामगिरीतून सुटल्यानंतर जेमतेम बारा वर्षांनी तिथे स्वतःच्या नावावर जमीन करून घ्यायला आले होते.