सहा जानेवारी आली की डोकं उठतं

पुन्हा सहा जानेवारी, पुन्हा शाल, श्रीफळ आणि तेच भाषण. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' हे वृत्तपत्र काढलं, म्हणून आपल्याकडे पत्रकार दिन. दिवसाबद्दल तक्रार नाही हो. पण स्टेजवरून 'चौथा स्तंभ, चौथा स्तंभ' म्हणून घसा कोरडा करणाऱ्या पुढाऱ्यांपैकी निम्म्यांची वाढदिवसाच्या जाहिरातींची बिलं थकलेली असतात! आणि ती वसूल कुणी करायची? तालुक्याच्या वार्ताहरानं. ज्याला पगार नाही, असलंच तर तुटपुंजं मानधन आणि जाहिरातीवर कमिशन. सकाळी ज्याच्या वाळूच्या डंपरची बातमी द्यायची, संध्याकाळी त्याच्याच दारात पुरवणीची जाहिरात मागायला उभं राहायचं. कशी लिहील तो बातमी? जिल्हा दैनिकाच्या संपादकाच्या खुर्चीत बसून मी हे वर्षानुवर्षं पाहिलंय.

जांभेकरांचं 'दर्पण'सुद्धा १८४० मध्ये बंद पडलं, हे मात्र त्या भाषणांत कधीच येत नाही. इतिहास कोण कशाला वाचेल म्हणा.

आणि कळस पुढेच. सत्कार आटोपून घरी पोचतो न पोचतो तोच आयोजकांचा फोन. "साहेब, प्रेसनोट पाठवलीय, फोटोसकट. तीन कॉलम लावायला सांगा ना. आणि उपस्थितांची सगळी नावं घ्या बरं, 'आदी मान्यवर' नको, लोक नाराज होतात." अरे बाबा, मी निवृत्त झालोय! तर म्हणे, "हो, पण तुमच्या शब्दाला वजन आहे."