ओटीपी टाकला कोणी? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमच्या दोन आक्षेपांपैकी पहिला मला पूर्ण मान्य आहे, दुसरा नाही. नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तुमच्या वडिलांच्या क्रेडिट कार्डावर एकाच दुपारी २४,९०० आणि १९,९९९ रुपयांचे, त्यांनी न केलेले दोन व्यवहार झाले. त्याच संध्याकाळी तुम्ही कार्ड ब्लॉक केलं आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर तक्रार नोंदवली. बाविसाव्या दिवशी बँकेचं उत्तर आलं: ‘व्यवहार ओटीपीने पूर्ण झाला आहे, सबब दायित्व ग्राहकाचे.’ तुम्ही लिहिता की ‘तीन दिवसांत कळवा म्हणजे पैसे परत’ हे कार्डावरच्या फसवणुकीविषयीच्या माझ्या लेखातलं वाक्य दिशाभूल करणारं आहे. शिवाय ‘कसं झालं ते शोधा’ हा सल्ला निरर्थक आहे, कारण शोधणं हे पोलिसांचं काम.

आधी पहिला मुद्दा. ते वाक्य अर्धवट होतं आणि अर्धवट वाक्यावर विसंबून माणूस फसतो, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात तीन वेगळ्या परिस्थिती आहेत. चूक किंवा त्रुटी बँकेकडची असेल, तर ग्राहकाचं दायित्व शून्य. तिथे तुम्ही कधी कळवलं याचा प्रश्नच येत नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, यंत्रणेत तिसरीकडेच कुठेतरी आहे, अशा वेळी तीन दिवसांची अट लागते. तेही कामाचे दिवस, आणि बँकेचा संदेश मिळाला तो दिवस सोडून मोजायचे. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डावर जास्तीत जास्त १०,००० रुपये आणि त्याहून मोठ्या मर्यादेच्या कार्डावर २५,००० रुपये ग्राहकाने सोसायचे. सात दिवसांनंतर बँकेच्या स्वतःच्या धोरणानुसार. तिसरी परिस्थिती म्हणजे ग्राहकाचा निष्काळजीपणा, उदाहरणार्थ ओटीपी किंवा पिन दुसऱ्याला देणं. अशा वेळी बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं.

बँकेने तुम्हाला या तिसऱ्या खणात टाकलं आहे. तीन दिवसांच्या आत कळवूनही उपयोग झाला नाही तो म्हणूनच. आणि म्हणूनच तुमचा दुसरा आक्षेप मला मान्य नाही. चोराला पकडणं पोलिसांचं काम, यात वाद नाही. पण तुम्ही कोणत्या खणात बसता हे ‘कसं झालं’ यावर ठरतं, आणि ते तुम्ही मांडलं नाही तर बँक तिच्या सोयीचा खण निवडते. ग्राहकाचं दायित्व सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे, हेही त्याच परिपत्रकात लिहिलं आहे. तुमच्या उत्तरपत्रात पहिलं वाक्य हेच हवं.

आता ‘ओटीपीने पूर्ण झाला’ या शब्दांकडे नीट पाहू. बँकेच्या नोंदींतून एवढंच दिसतं की ओटीपी तयार झाला, अमुक नंबरवर पाठवला गेला आणि तोच आकडा पेमेंटच्या पानावर टाकला गेला. तो कोणी टाकला, त्याच्या हाती कसा आला, हे त्या नोंदीत नसतं. मग बँक इतक्या ठामपणे नकार का देते? यामागे पैशाचं गणित आहे. ऑनलाइन व्यवहारात ओटीपीची पायरी पूर्ण झाली नसेल तर बँक बहुतेक वेळा चार्जबॅक (पैसे परत मागण्याचा दावा) टाकून नुकसान दुकानदाराच्या बँकेवर ढकलू शकते. ती पायरी पूर्ण झाली असेल तर कार्ड नेटवर्कच्या (व्हिसा, मास्टरकार्ड) नियमांनुसार नुकसान कार्ड देणाऱ्या बँकेकडेच राहतं. म्हणजे अशा व्यवहारात पैसे एकतर बँकेचे जातात, नाहीतर तुमचे.

त्यामुळे बँकेला पहिला प्रश्न ईसीआयचा विचारा. प्रत्येक ऑनलाइन व्यवहाराला हा दोन आकडी संकेत जोडलेला असतो. व्हिसा कार्डावर ०५ म्हणजे पडताळणी पूर्ण झाली, ०६ म्हणजे दुकानदाराने ती मागितली पण पुरी झाली नाही, ०७ म्हणजे ती झालीच नाही. मास्टरकार्डवर यासाठी अनुक्रमे ०२, ०१ आणि ०० असतात. ग्राहकसेवेतला माणूस सगळ्यांना ‘ओटीपीने झाला’ असं एकच उत्तर वाचून दाखवतो, पण परदेशी संकेतस्थळांवरचे कितीतरी व्यवहार ओटीपीशिवाय होतात आणि आधी मंजुरी दिलेली १५,००० रुपयांपर्यंतची आवर्ती (ठरावीक काळाने आपोआप होणारी) वसुलीही दर वेळी ओटीपी मागत नाही. संकेत ०५ (मास्टरकार्डवर ०२) नसेल तर बँकेचं पत्र तिथेच कोसळतं. मग चार्जबॅकचा आग्रह धरा. त्याची मुदत साधारणपणे व्यवहारापासून १२० दिवस असते, म्हणून हे काम लांबवू नका.

संकेत ०५ (किंवा ०२) निघाला तर शोध वडिलांच्या फोनकडे वळतो. फोन अजून फॉरमॅट केला नसेल तर कृपा करून करू नका. ‘फोनमध्ये काहीतरी शिरलंय, रीसेट मारा’ असं शेजारीपाजारी लगेच सांगतात आणि तुमच्या बाजूचा सगळा पुरावा त्यात पुसला जातो. आधी इंटरनेट बंद करा, मग पुढचं सगळं दुसऱ्या फोनने फोटो काढत तपासा.

त्या दुपारचा मेसेज बॉक्स बघा. ओटीपीचा संदेश तिथे आहे का? असेल तर शब्दन्‌शब्द वाचा. बहुतेक संदेशांत दुकानदाराचं नाव आणि रक्कम असते. ती स्टेटमेंटशी जुळतात का? कधीकधी संदेश खरेदीचा नसतोच. एखाद्या फोनवरच्या वॉलेटमध्ये तुमचं कार्ड जोडण्यासाठीचा ओटीपी असतो. तो एकदा चोराच्या हाती गेला की त्याचा फोनच तुमचं कार्ड होतो आणि पुढचे टॅप ओटीपीशिवाय होतात. बँकेच्या ‘ओटीपीने झाला’ या वाक्यात हा फरक दिसत नाही, म्हणून ओटीपी कशासाठी पाठवला होता हे लेखी विचारा.

व्यवहार झाला पण ओटीपीचा संदेशच सापडत नाही, अशी स्थिती असेल तर ती फार बोलकी आहे. वडिलांनी हाताने पुसला नसेल तर तीन शक्यता उरतात. फोन अँड्रॉइड असेल तर पहिली शक्यता मेसेज वाचणाऱ्या अ‍ॅपची. आरटीओचं चलान, लग्नाची पत्रिका, वीजबिल अशा नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल, म्हणजे अ‍ॅप बसवणारी फाइल, येते. ती बसली की आलेला संदेश पुढे पाठवते आणि पुसूनही टाकू शकते. अशा अ‍ॅपचं चिन्ह बरेचदा पडद्यावर दिसत नाही, पण सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या पूर्ण यादीत ते सापडतं. एसएमएसची परवानगी कोणाकोणाला आहे, अ‍ॅक्सेसिबिलिटी (पडदा वाचण्या-चालवण्याची परवानगी) कोणाला दिली आहे, नोटिफिकेशन वाचण्याची मुभा कोणाकडे आहे, अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप बसवण्याची परवानगी व्हॉट्सअ‍ॅपला किंवा ब्राउझरला दिली आहे का, हे सगळं बघा. संशयित अ‍ॅपच्या माहितीपानावर ते प्ले स्टोअरवरून आलं की नाही हेही बहुतेक फोनांत दिसतं. डाउनलोड्सच्या फोल्डरमधली एपीके फाइल आणि तिची तारीख-वेळ यांचा फोटो घ्या. आयफोनवर बाहेरच्या अ‍ॅपला मेसेज बॉक्स वाचू देत नाहीत, त्यामुळे तिथे ही वाट जवळजवळ बंद आहे.

दुसरी शक्यता सिमची: चोराने तुमच्याच नंबरचं दुसरं सिम काढून घेतलं असेल तर ओटीपी त्याच्याकडे जातो. त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी फोनचं नेटवर्क काही तास गेलं होतं का? मोबाइल कंपनीच्या दालनात जाऊन सिम शेवटचं कधी बदललं याची नोंद लेखी मागा. सोबत *#२१# डायल करून कॉल दुसरीकडे वळवलेले आहेत का तेही पाहा. कॉल वळवल्याने एसएमएस वळत नाहीत, पण फोन करून सांगितला जाणारा ओटीपी मात्र जातो.

तिसरी शक्यता ईमेलची, आणि ती सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. पुष्कळ बँका तोच ओटीपी ईमेलवरही धाडतात. वडिलांचा जुना पासवर्ड कुठेतरी फुटला असेल तर फोनला हात न लावता ओटीपी मिळतो. मेलच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा; बँकेचे मेल थेट कचऱ्यात टाकणारा फिल्टर चोराने लावून ठेवलेला असू शकतो. अलीकडे कुठल्या उपकरणांवरून लॉगिन झालं, त्या यादीचाही फोटो ठेवा.

या तिन्हींपैकी काही निघालं तर ‘ग्राहकाने ओटीपी दिला’ हे बँकेचं म्हणणं टिकवणं अवघड होतं. एपीके निघाल्यास बँक ‘अ‍ॅप तुम्हीच बसवलंत’ असा वाद घालेल, हे गृहीत धरा. तरीही ओटीपी सांगणं आणि फोनमधून चोरला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हा वाद रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांपुढे (बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांपुढे) नेण्याजोगा आहे.

एक अवघड शक्यताही बोलायला हवी. वडील म्हणतात की कोणाचाही फोन आला नव्हता. ते खरं असूनही एखाद्या बनावट पानावर, समजा पार्सलचे २५ रुपये भरताना, त्यांनी स्वतः कार्ड नंबर आणि ओटीपी टाकलेला असू शकतो. ब्राउझरची त्या दुपारची हिस्टरी पाहा. रागावून विचारू नका. घरात ओरडा बसेल या भीतीने ज्येष्ठ मंडळी नेमका हाच तपशील लपवतात. हेच निघालं तर नियमाप्रमाणे पहिल्या व्यवहाराचं नुकसान बहुधा त्यांच्यावर येईल, खोटी आशा मी दाखवणार नाही. पण मग दोन व्यवहारांच्या मधली वेळ महत्त्वाची ठरते. बँकेला पहिला फोन नेमका किती वाजता लागला? फोनच्या कॉल लॉगचा फोटो काढा. दुसरा व्यवहार त्यानंतरचा असेल तर ते १९,९९९ रुपये बँकेचे. पहिल्या व्यवहाराचा सूचनासंदेश उशिरा पोचला असेल तर तेही पत्रात लिहा.

कार्ड नंबर कुठून गेला, याचा शोध स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. चुंबकी पट्टीत साठवलेला पडताळणी आकडा आणि कार्डामागे छापलेले तीन आकडे (छापील सीव्हीव्ही) वेगळे असतात. यंत्रात पट्टी वाचून चोरलेल्या माहितीवर नकली कार्ड बनतं, पण त्यात छापील सीव्हीव्ही नसतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून नकली कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. एकूण नुकसान ९४ कोटींच्या घरात होतं आणि त्यात कोणाचाही ओटीपी लागला नव्हता. तुमचे व्यवहार ऑनलाइन आहेत, म्हणजे बहुधा छापील सीव्हीव्हीसह सगळी माहिती गेली आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना कार्ड नंबर साठवायला बंदी आहे, तेव्हा आधी संशय घ्यायचा तो नंबर जिथे टाइप झाला त्या पानांवर आणि कार्डाच्या फोटोवर. तो फोटो गॅलरीत किंवा कोणाला पाठवलेल्या चॅटमध्ये आहे का? आधीच्या दोन-तीन महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये एक-दोन रुपयांचा अनोळखी व्यवहार दिसला तर कार्ड चालतं का हे कोणीतरी तपासलं होतं, असा अर्थ निघतो.

बँकेकडून आणखी काही गोष्टी एकाच पत्रात मागा: सेकंदांसह वेळ, दुकानदाराचं पूर्ण नाव, त्याच्या धंद्याचा प्रकार सांगणारा चार आकडी एमसीसी, ओटीपी कोणत्या नंबरवर आणि ईमेलवर गेला, तो टाकणाऱ्या उपकरणाचा आयपी पत्ता, आणि मागच्या ३० दिवसांत मोबाइल नंबर, ईमेल, मर्यादा किंवा ऑनलाइन-आंतरराष्ट्रीय वापराची चालू-बंद सेटिंग बदलली होती का. आयपी पत्ता ‘गोपनीय’ म्हणून नाकारला जाईल. तो नकारही लेखी घ्या. एमसीसी ६५४० निघाला तर पैसे वॉलेटमध्ये भरले गेले आहेत. त्या वॉलेट कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला व्यवहार क्रमांक आणि १९३० चा तक्रार क्रमांक आजच कळवा. शिल्लक पडून असेल तर गोठवता येते.

बिलाचंही बघा. ऑटोपे ‘पूर्ण रक्कम’ वर असेल तर वादातले ४४,८९९ रुपये आपोआप भरले जातील. ते बंद करून उरलेली रक्कम मुदतीत भरा. फसवणूक म्हणून वाद घातलेल्या व्यवहारावर निकाल लागेपर्यंत आकार लावता येत नाही, हे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांत आहे. २०१७ च्या परिपत्रकानुसार कळवल्यापासून कामाच्या १० दिवसांत तेवढी रक्कम तात्पुरती जमा व्हायला हवी होती आणि तक्रार ९० दिवसांत निकाली निघायला हवी. ती रक्कम जमा का झाली नाही, हा प्रश्न तुमच्या प्रतिक्रियेत नव्हता; पत्रात असू द्या. नवं कार्ड आलं असेल तर जुन्या कार्डाची सगळी टोकन (नंबराऐवजी साठवलेले संकेत) आणि आवर्ती मंजुऱ्या रद्द झाल्या का, हेही विचारा, कारण नंबर बदलला तरी टोकन नव्या कार्डाला जोडली जाऊ शकतात.

बँकेने तक्रार फेटाळली असल्याने रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जायला ३० दिवस थांबण्याची गरज नाही. तक्रार ऑनलाइन आणि विनामूल्य करता येते, चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. माझा सल्ला, आधी वरचं पत्र बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला (तक्रारी पाहणाऱ्या वरिष्ठाला) पाठवून आठवडाभर वाट पाहा. उत्तर आलं किंवा नाही आलं, दोन्ही तक्रारीला जोडता येतं. दुसरी वाट माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ची आहे: राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव निर्णय अधिकारी म्हणून पाच कोटींपर्यंतचे दावे ऐकतात. महाराष्ट्रात या वाटेने ग्राहकांच्या बाजूने आणि बँकांविरुद्ध आदेश झालेले आहेत. तिथे शुल्क आणि कागदपत्रं जास्त लागतात, म्हणून लोकपालांनंतर विचार करा.

मूळ लेखातलं ते वाक्य आज बदलतो आहे. तुम्हाला ईसीआय आणि एमसीसी कळले, आणि ओटीपीचा संदेश फोनमध्ये आहे की नाही हे पाहिलंत, की इथेच लिहा. पत्राचा मसुदा त्यावरून ठरेल. मात्र कार्डाचे शेवटचे चार आकडेसुद्धा इथे लिहू नका.