काकांना एकवीस दिसलं

काल एकाच कामाचे तीनशे रुपये दोनदा दिले, आणि दुसऱ्यांदा का दिले हे बायकोला सांगताना मला अजून धड वाक्य जुळवता येत नाहीये.

आधीचं थोडक्यात. सतरा वर्षं नाशिकला अंबडच्या एका कंपनीत डिस्पॅचला होतो. बिल्टी, ई-वे बिल, ड्रायव्हरला चहा, सही, शिक्का. दोनशे किलोमीटरला एक दिवस या हिशोबाने इंदूरच्या गाडीला तीन दिवसांच्या मुदतीचं ई-वे बिल, म्हणजे माल रस्त्याने न्यायचा सरकारी कागद, काढून द्यायचो आणि संध्याकाळी सिडकोत घरी यायचो. लोकांच्या गाड्या गुवाहाटीला लावल्या, स्वतः वणीच्या गडापुढे गेलो नाही. मग कंपनीने प्लांट हलवला, मला नाही हलवलं. वय चव्वेचाळीस. म्हटलं आता आपणच गाडी घेऊन जायचं. घरात काय झालं ते राहू द्या. आई अजून "डायवर" म्हणताना आवाज बारीक करते, कुणाच्या तरी मूळव्याधीबद्दल बोलावं तसा.

तर हेवीच्या लर्निंगसाठी डॉक्टरी दाखला लागतो, फॉर्म १ए. पंचवटीत एका दवाखान्यात गेलो. बाकावर एक काका-काकू बसलेले. काका रिटायर्ड बँकवाले, कडक इस्त्री, प्लास्टिकची फाईल, तेही लायसन्स रिन्यू करायला याच दाखल्यासाठी आलेले, कारण चाळिशी उलटली की साध्या गाडीलाही तो लागतो.

"आपलं काय काम?"

"हेवी लायसन्स."

"अच्छा, ट्रान्सपोर्टचा बिझनेस!"

"नाही, ट्रक चालवणारे."

"स्वतः?"

"स्वतः."

"म्हणजे मालक स्वतः चालवणार."

"मालक दुसरा आहे, चालवणार मी."

काकांनी मान वळवून काकूंना सांगितलं, "हे ट्रक चालवणारेत." काकू आमच्या दोघांच्या मध्ये बसल्या होत्या.

"शिक्षण?"

"बीकॉम."

"अरेरे."

बीकॉमला अरेरे म्हणणारा बँकवाला मी पहिल्यांदा पाहिला. मग केबिनमध्ये एसी असतो का विचारलं, मी सांगितलं १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या नव्या ट्रकना सक्तीचा केलाय, तर म्हणाले "मग ठीक आहे," जणू परवानगी दिली. आणि मग, "मुलगी आहे का?"

"आहे."

"हं."

हा जो "हं" आहे ना, तो मला रात्री झोपेतून उठवतो. कारण हेच लोक. जानेवारी २०२४ मध्ये ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या, पानेवाडीच्या इंधन डेपोतून टँकर निघेनात, तेव्हा पेट्रोल पंपावर जी रांग लागली त्यात मी पण होतो, आणि माझ्या पुढे असेच इस्त्रीवाले चौदा जण होते, सगळे ड्रायव्हर लोकांचा माज किती वाढलाय यावर बोलत होते. गाडी थांबली तर माज, चालली तर "हं".

बरं मी काही हौस म्हणून टपावर चढत नाहीये. दोन महिने आडगावकडे एका मैदानात उस्तादांकडे शिकतोय. पहिल्या दिवशी मी केबिनमधून खुर्चीवरून उतरतो तसा तोंड बाहेर करून उतरलो, म्हणजे पडलोच. उस्ताद म्हणाले, "साहेब, शिडी उतरताना भिंतीकडे पाठ करता का?" ते मला साहेब म्हणतात, इतक्या अपमानास्पद सुरात मला कंपनीत कुणी साहेब म्हटलेलं नाही. ताडपत्रीचा दोर आवळायची गाठ मी घरी बाल्कनीत गॅस सिलेंडरवर घालून बघितली, ती इतकी उत्तम बसली की भारत गॅसच्या पोऱ्याला सिलेंडर कापून न्यावं लागलं. म्हणजे दोर कापून. उस्तादांची एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी कळली. क्लीनर साइडने दारावर एक थाप पडली की थांब, दोन पडल्या की चल. मागे काय दिसतंय याच्यावर तुझं डोकं चालवू नको.

असो. नंबर आला. डॉक्टरांनी "ट्रक" ऐकल्यावर फॉर्म खरंच वाचायला घेतला, जे त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच केलं असावं. त्यात लिहिलेलं असतं की पंचवीस मीटरवरची नंबर प्लेट दिवसाउजेडी ओळखता येते का. केबिन दहा फुटांची. मग खिडकीतून समोरच्या रसवंतीपाशी उभ्या रिक्षाचा एमएच १५ वाचून दाखवला. रात्री दिसतं का? दिसतं. टिक. ओळखीच्या दोन खुणा. एक कपाळावरची खोक सापडली, दुसरीसाठी शर्ट काढावा लागला, आणि तेवढ्यात "माझी फाईल आतच राहिली" म्हणत काका आत आले ते आलेच.

मग ते ठिपक्यांचं पुस्तक. रंगीत ठिपक्यांच्या गर्दीत आकडा लपलेला असतो, इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरने १९१७ साली काढलेलं.

"बारा," मी म्हणालो. पुढचं पान. "आठ."

मागून कुजबुज, "तीन."

मला वाटलं टोकन नंबर बघतायत. पुढचं पान. "चौऱ्याहत्तर."

"एकवीस!" आता मोठ्याने, दहावीच्या पेपरला कॉपी पुरवावी तसं. "अहो नीट बघा, स्वच्छ एकवीस आहे!"

डॉक्टर तेव्हा फोनवर कुणाला तरी प्लंबर पाठवायला सांगत होते, त्यांच्या कानावर फक्त गोंधळ गेला. काका त्यांच्याकडे वळून, ज्या आवाजात लोन नाकारतात त्या आवाजात, "डॉक्टर, यांना दिसत नाहीये. जड वाहन आहे. जबाबदारी आहे." डॉक्टरांनी एकदा पांढऱ्या केसांकडे बघितलं, एकदा माझ्या उघड्या अंगाकडे, आणि फोनवर हात ठेवून म्हणाले, "डोळ्याच्या डॉक्टरांकडून लिहून आणा." मी शर्ट घालेपर्यंत काकांच्या फॉर्मवर शिक्का पडला होता. पुस्तक उघडलंसुद्धा नाही. "घ्या सर."

हे दुसरे तीनशे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळी पानं दाखवली, सगळी बरोबर. मी त्यांना एकवीसची गोष्ट सांगितली तर त्या पेन ठेवून हसायलाच लागल्या. म्हणे चौऱ्याहत्तरच्या जागी एकवीस आणि आठच्या जागी तीन कुणाला दिसतं माहितीये का? लाल-हिरव्यात गल्लत होते त्याला. त्या पानांची रचनाच तशी आहे.

कागद घेऊन मी पंचवटीत इतक्या वेगाने आलो की उस्तादांनी पाहिलं असतं तर साहेब म्हणणं सोडलं असतं. काका-काकू तिथेच, काकूंचं बीपी राहिलं होतं. सांगितलं.

"छपाई खराब असेल," काका. "जपानी माल आता पूर्वीसारखा राहिला नाही."

मी म्हटलं हे जन्मतः असतं, बहुतेक आईकडून येतं. "आईपर्यंत जायचं काम नाही!"

काकू मात्र गप्प झाल्या होत्या. मग हळूच, "अहो, म्हणून चौतीस वर्षं हिरवे टोमॅटो आणताय होय?" आणि माझ्याकडे वळून, "गिरणाऱ्याहून स्वतः निवडून आणतात हो. मी म्हणायचे कच्चे आहेत, तर म्हणायचे तुला पारख नाही. माझी भाजी आंबट म्हणून सासूबाईंनी..." त्या थांबल्या. "माझा लग्नातला शालू कुठल्या रंगाचा होता?"

काकांनी बराच विचार केला. "शालूच्या रंगाचा."

मी डॉक्टरांना विचारलं, मग आता काकांच्या दाखल्याचं? ते म्हणाले, "त्यांची काय, घरची गाडी आहे." म्हणजे घरच्या गाडीखाली आलेला माणूस घरचाच असतो. मला ट्रकचं लायसन्स मिळालं की दर पाच वर्षांनी अशीच खिडकीतून रिक्षा वाचायचीये, आणि काकांना चौतीस वर्षं कुणी एक पान दाखवलं नाही.

"आणि सिग्नल?" काकूंनी जिना उतरताना विचारलं.

"वरचा लागला की थांबायचं, खालचा लागला की निघायचं. त्यात रंगाचा काय संबंध?"

पुढच्या चौकात मी ॲक्टिव्हावर बरोबर त्यांच्या मागे. सिग्नल बंद, फक्त मधला दिवा उघडझाप करत होता. काकांची गाडी जागची हलेना. मागून हॉर्नवर हॉर्न. मी नाही वाजवला, पण वाजवावासा वाटला हे खरं. मग डाव्या खिडकीची काच खाली आली, काकूंचा बांगड्यांचा हात बाहेर आला, त्यांनी आधी वाकून दोन्हीकडे बघितलं आणि दारावर दोन थापा मारल्या.

काका निघाले.